हूं कोण म्हणणार?

तौलनिक साहित्य हे नाव आमच्या रामेश्वरदादाला कधी नीट घेता आलं नाही. दोन-तीनदा जीभ अडखळली, मग त्यानं नादच सोडला. वाळूजला तो एका कंपनीत मशीनवर असतो. उस्मानपुऱ्यात आम्ही दोघं भावंडं एका खोलीत राहतो. कंपनीत कुणी विचारलं की तो सांगतो, बहीण अर्थशास्त्र शिकते. यात खोटं काहीच नाही. अर्थशास्त्र माझा मुख्य विषय आणि तौलनिक साहित्य मायनर, म्हणजे जोडीला घेतलेला. पण माझ्या मनात या दोघांची अदलाबदल पहिल्याच वर्षी झाली होती. मागणी-पुरवठ्याच्या तासाला मी खिडकीतून डोंगराकडे बघत बसायचे आणि तौलनिकच्या तासाला सरांच्या आधी पहिल्या बाकावर हजर.

दोन भाषांतलं काहीतरी शेजारी शेजारी ठेवायचं आणि हे असं का, ते तसं का, म्हणून भांडत बसायचं. भांडण्याचे मार्क देणारा दुसरा विषय अख्ख्या विद्यापीठात नाही. माझी तर त्याची तयारी जन्मापासून झालेली.

तेव्हा एम.ए. याच विषयात करायचं आणि हैदराबादला जाऊन करायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. त्यासाठी मायनर पूर्ण हवं, आणि मायनर पूर्ण व्हायला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पास व्हायला हवा. तो होईल याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. तौलनिक शिकवणाऱ्या सोळुंके सरांनी मात्र तो परत केला.

प्रकल्प माझा आणि तहसीनचा मिळून होता. तहसीन कम्प्युटर सायन्सची, मायनर माझंच. तिचं राहणं रोशन गेटकडं, वही नीटनेटकी आणि बोलणं मराठी, उर्दू, दखनी असं कालवलेलं. मी पाचोडची, मेंढपाळाच्या घरातली. एकदा कॅन्टीनमध्ये बोलता बोलता कळलं की माझी सारजाबाई आत्या आणि तिची खाला, म्हणजे मावशी, एकच गोष्ट सांगतात. एका घरातला विस्तव विझतो. घरातली पोरगी सात बांध ओलांडून लांबच्या वस्तीवरनं विस्तव आणायला जाते. परतताना तिच्या मागं लांडगा लागतो. दर बांधावर तो विचारतो, "कोण चाललंय?" आणि पोरगी दरवेळी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सांगून त्याला चकवते. सातव्या बांधावर तिच्याकडं सांगायला नाव उरत नाही. मग ती स्वतःचं नाव सांगते आणि विस्तवाचं खापर लांडग्याच्या तोंडासमोर धरते. लांडगा पळतो.

आत्या ही गोष्ट मराठीत सांगते, खाला दखनीत. याहून चांगला विषय कुठं मिळणार होता? मी पाचोडला जाऊन आत्याची गोष्ट फोनवर रेकॉर्ड केली. तहसीननं खालाची केली. मग तिनं आपलं कम्प्युटरचं डोकं लावलं. एका प्रोग्रॅममधून दोन्ही रेकॉर्डिंग काढली. कुत्र्याचं भुंकणं, कुकरची शिट्टी, गल्लीतली स्कूटर, मधेमधे येणारे बारीकसारीक आवाज, सगळं गाळलं. राहिली ती निव्वळ गोष्ट. ती आम्ही कागदावर उतरवली, आणि खालाची तहसीननं दखनीतून मराठीत आणली. इतकं स्वच्छ काम बघून मीच तिची पाठ थोपटली होती.

सरांनी दोन्ही गोष्टींचे कागद टेबलावर ठेवले.

"हे मी त्यातली नावं खोडून, अदलाबदल करून माझ्या बायकोला वाचायला दिले," ते म्हणाले. "पाचोडची गोष्ट कोणती आणि रोशन गेटची कोणती, तिला सांगता आलं नाही. मलाही आलं नसतं."

"मग बघा ना सर, केवढं साम्य आहे!" मी म्हटलं.

"साम्य बघितलं. साम्य दाखवलं म्हणजे तुलना झाली असं नाही, सुकेशनी. दोन माणसांना दोन-दोन डोळे असतात हे सांगायला विद्यापीठ कशाला हवं? मला फरक दाखवा. पुढच्या आठवड्यात सेमिनार हॉलमध्ये सगळ्यांसमोर मांडा. फरक नसेल तर विषय बदला."

विषय बदलायचा म्हणजे नव्यानं सगळं, म्हणजे हे वर्ष गेलं, म्हणजे हैदराबाद गेलं. सरांना हे माहीत होतं आणि तरी ते शांतपणे चष्मा पुसत होते. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, याचा मला जास्त राग आला. राग आला की माझी चाल वाढते. तहसीन विभागाच्या पायऱ्यांपासून मेन गेटपर्यंत माझ्या मागं धापा टाकत आली.

"अब क्या?" ती म्हणाली.

"आता काय म्हंजी? फरक हाय. आपल्याला दिसंना एवढंच."

हे मी ठामपणे म्हटलं, कारण आत्या आणि खाला या दोन बायकांत एकसारखं काही असूच शकत नव्हतं. माझी आत्या अंगानं दणकट, आवाज असा की अख्ख्या पाचोडच्या बाजाराला ऐकू जावा. खाला बारकी, मऊ बोलणारी. मग यांची गोष्ट एकच कशी?

आम्ही शोधलं. लांडगा दोन्हीकडं. बांध दोन्हीकडं, कारण खालाचं माहेर पैठणकडचं, शेतीवाडीचं. भाषांतरात काही हललं का म्हणून तहसीननं मूळ दखनी पुन्हा पुन्हा वाचली. काहीच हललं नव्हतं. पोरगी नावं सांगते ती तेवढी वेगळी. आत्याकडं पाटलाची सून, खालाकडं काझीची बहू. एवढ्यावर एक परिच्छेद झाला असता, प्रकल्प नाही.

शेवटी मी म्हटलं, खालालाच विचारू, ही गोष्ट तिच्याकडं आली कुठून. दुपारचं आम्ही तहसीनच्या घरी गेलो. खाला पलंगावर आडवी होती आणि कुशीत तहसीनची छोटी भाची. खालानं मला हातानंच बस म्हणून खूण केली. ती तीच गोष्ट सांगत होती आणि पोरीच्या पाठीवर हळूहळू थोपटत होती. मला बरंच वाटलं. आयती ऐकायला मिळाली.

"पैले बांध पो लांडगा बोल्या, कौन जा रा? छोकरी बोली, मैं काझी की बहू जा री."

"हूं," मी म्हटलं.

खालानं माझ्याकडं बघितलं आणि पुढं गेली. दुसरा बांध आला.

"हूं," मी म्हटलं. जरा मोठ्यानं, म्हणजे तिला बरं वाटेल.

"अगे, कायकू बीच में बोलती गे?" खाला दबक्या आवाजात कडाडली. "बच्ची उठ जाती ना! चुप बैठ की!"

पोरगी उठलीच. उठली आणि रडायला लागली, आणि खालानं माझ्याकडं असं बघितलं की मी काही विचारायच्या भानगडीत न पडता चपला घातल्या. आयुष्यात कुणी मला गोष्ट ऐकता येत नाही म्हणून रागावलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल आहे, तिथं आम्ही बसलो आणि मी तहसीनवर तोंड सोडलं.

"तुझ्या खालाला गोष्ट सांगायची रीत नाय."

"रीत नाही? पूरे मोहल्ल्यात खाला गोष्टीसाठी मशहूर आहे! तूच मधेमधे हूं हूं करत होती."

"मंग काय करू? हूं म्हणलं नाय तर सांगणारीला कसं कळावं, ऐकणारं माणूस जागं हाय का झोपलं?"

"झोपलं तर अच्छाच आहे ना! झोपावं म्हणून तर सांगतात."

"झोपावं म्हणून?" माझा आवाज एवढा वाढला की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. "आमच्यात कुणी झोपू नाय म्हणून सांगत्यात!"



चहा आला. कुणी कपाला हात लावला नाही. तहसीननं हळूच विचारलं, "कुणी झोपू नये म्हणजे?"

मी तिला सांगितलं. आमची मेंढरं गावोगाव फिरतात. ज्याच्या रानात बसवली त्याच्या रानात मुक्काम. भोवती वाघर लावायची, म्हणजे जाळ्याचं कुंपण, आणि रात्रभर राखण करायची, कारण लांडगा खरोखर येतो. राखणीला दोघं लागतात. एकानं गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं हूं म्हणायचं. हूं थांबलं की सांगणारी गोष्ट तिथंच थांबवते आणि हाताला लागेल ते ढेकूळ उचलून मारते. कोणत्या बांधावर डोळा लागला ते दोघांच्या ध्यानात राहतं. पुढच्या वेळी गोष्ट त्याच बांधापासून. आत्यानं मला कितीतरी ढेकळं मारलेली आहेत. दादाला त्याहून जास्त, कारण माझ्या आधी राखणीला तो असायचा.

तहसीन ऐकत राहिली. मग म्हणाली, "सुकेशनी, मी ही गोष्ट लहान होते तेव्हापासून ऐकते. पण लांडगा पळतो, हे मला रेकॉर्डिंगच्या दिवशी कळलं. आमच्या घरात या गोष्टीचा शेवट कुणी ऐकलेलाच नाही."

चहा तसाच टाकून आम्ही परत तिच्या घरी पळालो. लॅपटॉपवर मूळ रेकॉर्डिंग होती. न गाळलेली. आधी आत्याची लावली. पहिला बांध. "हूं." दुसरा बांध. "हूं." दर बांधाला हूं, आणि आत्या प्रत्येक हूंवर स्वार होऊन पुढं निघते, आवाज चढत जातो. तो हूं म्हणणारा आवाज माझा होता. पाचोडला फोन हातात धरून मी आपोआप म्हणत गेले होते आणि माझं मला कळलंही नव्हतं. तहसीनच्या प्रोग्रॅमनं मला गोंगाट म्हणून काढून टाकलं होतं.

मग खालाची. तिच्यात मागं एक बारीक ठेका होता. थप, थप, थप. फोन समोर असूनसुद्धा खाला सवयीनं उशीवर थोपटत होती. बांधागणिक ती सावकाश होत गेली होती, आवाज खाली खाली. तोही ठेका प्रोग्रॅमनं गाळला होता.

तहसीन एवढीशी झाली. "सब मैंने साफ कर दिया," ती म्हणाली.

"तू साफ केलं म्हणून तर सापडलं," मी म्हटलं. ते मी तिची समजूत घालायला म्हटलं नव्हतं. दोन्ही कागद सारखे दिसले नसते तर सरांनी परत केले नसते, आणि सरांनी परत केले नसते तर खालाच्या शिव्या खायला मी गेले नसते. मला इतका आनंद झाला की मी तिच्या भाचीला उचलून घेतलं. ती पुन्हा रडायला लागली.

मांडणीच्या दिवशी सेमिनार हॉलमध्ये विभागातली मुलं, सोळुंके सर आणि आणखी दोन-तीन प्राध्यापक होते. घरच्यांना बोलवा, असं सरांनी सांगितलं होतं. आत्या मेंढरांमागं, खाला घर सोडेना. दादाची रात्रपाळी होती. "सुट्टी झाली की तसाच येतो, पर मला काय कळायचं त्यातलं," म्हणाला होता. मी सुरुवात केली तेव्हा तो कंपनीच्या कपड्यांत आत आला आणि शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसला. डोळे लालभडक.

आम्ही सगळं मांडलं. रानातली राखण, पलंगावरची दुपार, एक गोष्ट जागं ठेवायला आणि तीच गोष्ट झोपवायला. दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली. मुलं माना डोलवायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

सरांनी चष्मा काढला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण हा फरक गोष्टीचा नाही. ऐकण्याच्या सवयीचा आहे. समाजशास्त्रवाल्यांना द्या, त्यांना आवडेल. तुमच्या आत्याबाईंची गोष्ट मी हुंकाराशिवाय वाचली. मला कुठंही अडलं नाही. ती कागदावर पूर्ण आहे. जे काढल्यावर काही बिघडत नाही ते साहित्याचा भाग कसं?"

तहसीननं माझ्याकडं बघितलं. मुद्दा जोरदार होता. मी कागद बाजूला ठेवले. खरं सांगते, भीती वाटली नाही. आत्याची गोष्ट माझ्या बाजूनं होती.

"वाचताना नाय अडत सर," मी म्हटलं. सरांसमोर माझी गावाकडची भाषा निसटली आणि मी ती निसटू दिली. "सांगताना अडती. सांगू?"

"सांगा की."

मी टेबलापुढं आले. आत्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि सुरू केलं. विस्तव विझला. पोरगी निघाली. वस्तीवरनं विस्तव घेतला. माघारी फिरली.

"पहिल्या बांधावर लांडगा म्हणला, कोण चाललंय? पोरगी म्हणली, मी पाटलाची सून चाललेय."

आणि मी थांबले.

कुणी काही बोललं नाही. मी उभीच. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला. पहिल्या रांगेतल्या मेघानं मला हळूच विचारलं, विसरलीस का? मी नाही म्हणून मान हलवली.

"पुढे?" सर म्हणाले.

"पुढं कसं जाऊ सर? इथं कुणी जागं हाय का नाय, मला काय ठाव?"

"आम्ही सगळे ऐकतोय ना."

"मला कुठं ऐकू आलं?"

एक प्राध्यापक हसले. सर हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मी त्यांच्याकडं. मी ठरवलं होतं, संध्याकाळ झाली तरी हलायचं नाही. प्रकल्प गेला तर गेला, पण कुणी हूं म्हटल्याशिवाय ती पोरगी पहिल्या बांधावरनं पाऊल उचलणार नव्हती.

"हूं," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. दादाचे डोळे अर्धे मिटलेले होते. तो कुणाकडं बघत नव्हता. वाळूजला गेल्यापासून त्यानं राखण केली नव्हती, गोष्ट ऐकली नव्हती, आणि तरी त्याच्या तोंडून तो हूं आपसूक निघाला. मी दुसऱ्या बांधाला गेले.

"हूं," दादा म्हणाला. आता ताठ बसून.

तिसऱ्या बांधाला मेघानं म्हटलं. चौथ्याला मागच्या दोन रांगांनी. माझा आवाज आत्याच्या आवाजासारखा चढत गेला, आणि तो मी चढवत नव्हते, ते चढवत होते. सहाव्या बांधाला अख्खा हॉल हूं म्हणाला. सोळुंके सर सोडून. सातव्या बांधावर लांडग्यानं विचारलं, कोण चाललंय, आणि पोरीजवळ नाव उरलं नाही. मी थांबले. हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि फक्त सरांकडं बघितलं.

सरांनी टाळलं. खाली बघितलं, पेन चाळवलं. मग त्यांनाही राहवलं नाही.

"हूं," सर म्हणाले.

पोरीनं आपलं नाव सांगितलं. लांडगा पळाला. हॉलमध्ये टाळ्या झाल्या आणि दादा खुशीत मागंपुढं बघायला लागला.

"आता तहसीन, तुमची," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

तहसीन उभी राहिली नाही. खुर्चीवरच बसून तिनं टेबलावर तळहातानं थोपटायला सुरुवात केली. थप, थप. तीच पोरगी, तोच विस्तव, तेच बांध. "पैले बांध पो लांडगा बोल्या..." मेघानं सवयीनं हूं म्हणायला तोंड उघडलं, तशी तहसीननं ओठांवर बोट ठेवलं. दुसरा बांध जरा हळू. तिसरा त्याहून हळू. हॉलमधल्या सगळ्यांचे खांदे सैल झालेले मला दिसत होते. पाचव्या बांधावर शेवटच्या बाकावरनं घोरणं ऐकू आलं.

दादा बाकावर डोकं ठेवून गाढ झोपला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेघा त्याला हलवायला उठली.

"उठवू नका," सर पटकन म्हणाले. "पुरावा आहे तो."

तहसीननं थोपटणं थांबवलं आणि वही मिटली. सर तिच्याकडं झुकले आणि कुजबुजत विचारलं, "पुढे? लांडग्याचं काय होतं?"

"आमच्यात इथंच संपते सर," तीही कुजबुजली. "माणूस झोपला की."

सरांनी पेनाचं टोपण आवाज न करता उघडलं आणि आमच्या प्रकल्पावर सही केली. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायची सोय नव्हती.